पाडायचा नकाशा

हेलसिंकीच्या एका मेळाव्याला मला आणि हिलेवीला एकदा बोलावलं होतं. ‘बदलत्या काळातला आर्किटेक्ट’ असं काहीसं त्याचं नाव होतं. तिशीतला एक मुलगा, पायात पांढरेशुभ्र बूट, मंचावर येरझाऱ्या घालत सांगत होता की पुढच्या काळात टिकायचं असेल तर आर्किटेक्टने स्वतःला रोज नव्याने घडवलं पाहिजे. हिलेवी माझ्या कानाशी लागली, “याने बांधलंय काय आजवर, विचार ना.” मी उठून विचारलं. त्याने अजून काहीच बांधलं नव्हतं. परतीच्या गाडीत आम्ही त्याला यथेच्छ नावं ठेवली. आमच्या गावी, सार्किवाराला, उतरून ऑफिसचं कुलूप काढलं, तेव्हा आत टेबलं होती नऊ आणि माणसं आम्ही दोघी.

ऑफिस हिलेवीचं. मी रायली, तिची पंचवीस वर्षांची भागीदार. ती नकाशा काढते, तो उभा राहील की कोसळेल ते मी बघते, आणि मधल्या वेळात आम्ही भांडतो. गावची कागद गिरणी चालू होती तोवर आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आज दवाखान्याला नवा मजला, उद्या शाळेला दोन वर्ग. गिरणी बंद पडली, तरुण माणसं दक्षिणेला गेली, आणि एकेक करून आमची टेबलं रिकामी झाली. इमारत वाढवायची कशी हे आम्हाला कॉलेजात पाच वर्षं शिकवलं. ती आटवायची कशी, हे कुणी एक तासभरही शिकवलं नाही.

फेब्रुवारीत तार्मो आला. तार्मो नगरपालिकेचा बांधकामप्रमुख. मुलगा तसा चांगला, पण तो दालचिनीचे पाव घेऊन आला की समजावं, बातमी वाईट आहे. त्या दिवशी त्याने सहा पाव आणले होते.

“शाळा पाडायची म्हणतायत,” तो बूट काढता काढताच म्हणाला. “बुरशी लागलीय. अहवाल आलाय.”

“कुठे लागलीय?” हिलेवीने विचारलं.

“हॉलमध्ये. जमिनीखाली.”

“आणि वर्गांत?”

“वर्गांत नाही. पण हिलेवी, तुम्हीच बघा, मुलं उरलीत मूठभर आणि हॉल केवढा. त्याला तापवता तापवता पालिकेचं कंबरडं मोडतंय.”

“मुलं कुठे बसणार?”

“डब्यांत. म्हणजे... कंटेनरचे वर्ग. कंपनी भाड्याने देते. आराखडाही तिनेच दिला, संगणकाने काढलेला. आपण एक कप कॉफी पिईपर्यंत बावीस आराखडे निघाले.”

“मग लवकर पी बाबा,” मी म्हटलं, “नाहीतर तेवीस होतील.”

तो हसला नाही. तोही त्याच शाळेत शिकलेला. आणि भाड्याच्या डब्यांचा अर्थ त्यालाही कळत होता, शेंबड्या पोरालाही कळला असता. ज्या दिवशी डबे ट्रकवर चढून परत जातील त्या दिवशी गावची शाळाही त्यांच्याबरोबर जाईल. मग सहा-सात वर्षांची पोरं डिसेंबरच्या काळोखात तासभर बसमध्ये बसून दुसऱ्या गावाला जातील, आणि त्यांचे आईबाप एक-दोन हिवाळे ते सोसतील आणि मग घर विकून निघून जातील. शेजारच्या दोन गावांत हेच झालं होतं. शाळा गेली की गाव जातं.

“मला पालिकेच्या सभेपर्यंत वेळ दे,” हिलेवी म्हणाली.

“वेळ एप्रिलपर्यंत आहे,” तार्मो म्हणाला. “पण काय करणार तुम्ही?”

तिने पाव खाल्ला.

ती शाळा हिलेवीची. तिच्या नकाशासाठी स्पर्धा झाली होती, पंधरा-वीस ऑफिसांनी टोपणनावाने नकाशे पाठवले होते, पंच कुणाचा कुठला ते न कळता निवडत होते, आणि पाकिटं फोडल्यावर एकोणतीस वर्षांच्या एका पोरीचं नाव निघालं. वर्ग साधेच होते, एका ओळीत, ठेंगणे, उबदार. नाव झालं ते हॉलमुळे. उलट्या ठेवलेल्या होडीसारख्या लाकडी कमानी, आणि वरून उतरणारा उजेड. गावातली लग्नं तिथे झाली, मयतानंतरची कॉफी तिथे प्यायली गेली, मतदान तिथे, वसंताची जत्रा तिथे.

आणि त्याच हॉलला आम्ही गावाने मिळून मारलं. आमच्याकडे माणूस एक वेळ अर्धपोटी झोपेल, पण रिकाम्या खोलीत दिवा जळू देणार नाही. मंदीच्या वर्षांत पालिकेने ठरवलं की मुलं घरी गेली की हवा खेळवणारे पंखे बंद. शनिवार-रविवार बंद. उन्हाळ्याची सुट्टी लागली की अडीच महिने बंद. बचत झाली म्हणून सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. हॉल मात्र तोंड बांधून ठेवलेल्या बरणीसारखा आतल्या आत आंबत राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी हॉलमध्ये गेलो. वास नाकात शिरला तो शिरलाच. हिलेवी मधोमध उभी राहून वर बघत होती. मला वाटलं, आता ही रडणार. मी रुमाल शोधायला लागले.

“रायली,” ती म्हणाली, “हा कापायचा.”

“काय कापायचं?”

“हॉल. वर्ग ठेवायचे, हॉल कापून टाकायचा. नाकापेक्षा मोती जड झालाय.”

“अगं, वेड लागलंय का तुला? हा हॉल म्हणजे तू आहेस! लोक अजून दुरून बघायला येतात.”

“बघून परत जातात. मुलं इथे राहतात.” मग ती म्हणाली, “आपण नाही कापला तर सगळंच पाडतील. कापला तर निदान शाळा राहील.”

मला तिचा राग आला, आणि ती बरोबर होती याचा त्याहून जास्त आला.

पुढचे दोन महिने आम्ही जे काम केलं ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. आम्ही पाडायचा नकाशा काढला. कुठली कमान आधी उतरवायची, म्हणजे दुसरी अंगावर येणार नाही. कुठलं लाकूड चांगलं, कुठलं जाळायचं. वर्गांच्या ओळीचं शेवटचं टोक हॉलला जोडलेलं होतं. हॉल गेला की ते टोक उघडं पडणार, म्हणून तिथे जाड लाकडी भिंत, आत उबेचा थर, बाहेर फळ्या. सगळा जीव त्या भिंतीत होता. भिंत असेल तर ती छोटीशी, उबदार, मुलांच्या मापाची शाळा. भिंत नसेल तर पावसात दार उघडं टाकलेलं घर. गंमत म्हणून मी संगणकालाही विचारून पाहिलं. त्याने झटक्यात आठ सुंदर नव्या शाळा काढून दिल्या. असलेली शाळा लहान कर म्हटलं, तर त्याने आणखी एक हॉल जोडला. तोही बिचारा आमच्याच कॉलेजात शिकला असावा.

हिलेवी त्या दिवसांत बारीक झाली. एकदा ती पेन्सिल ठेवून म्हणाली, “स्वतःच्या पोराचा पाय कापतेय असं वाटतं गं.” मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी असल्या गोष्टी कधी करत नाही, त्यामुळे दोघींनाही अवघडल्यासारखं झालं आणि आम्ही पुन्हा कामाला लागलो.

एप्रिलच्या सभेआधीच्या शनिवारी हिलेवीच्या भावाने, आउवोने, सौनाला बोलावलं. आउवोच्या गाई आहेत, आणि तो वीस वर्षं पालिकेचा सभासद आहे. आम्ही बायकांनी आधी वाफ घेतली, मग पुरुषांनी. नंतर ओसरीवर टॉवेल गुंडाळून सगळे सॉसेज खात बसलो. अंगातून वाफा निघत होत्या. हिलेवीने नकाशा समजावला. आउवो पूर्ण वेळ मोहरीची चटणी चाटत ऐकत होता.

“भिंत कळली ना तुला?” तिने विचारलं.

“कळली.”

“पाडणं आणि भिंत एकाच ठरावात पाहिजे. वेगळं केलं तर मेलो. सभेत तू बोलशील?”

“बोलेन की.”

“आउवो, तू वीस वर्षांत एकदा बोललायस. तेही खिडकी लावा म्हणून,” मी म्हटलं.

“लावली ना पण?” तो म्हणाला. सगळे हसलो. हिलेवीही हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

सभा. आम्ही दोघी मागे, लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर. तिथे बसायची परवानगी आहे, बोलायची नाही. आमच्या सभेची रीत अशी, की अध्यक्ष ठराव वाचतात, कुणाला काही म्हणायचंय का विचारतात, आणि कुणी काही बोललं नाही की मंजूर. मग हातोडी. हात वर करायची सुद्धा तसदी नाही. पिढ्यान्‌ पिढ्या आमचा कारभार अळीमिळी गुपचिळीवर चाललाय आणि बरा चाललाय असं आम्ही समजतो.

अध्यक्षबाईंनी शाळेचा विषय काढला. कार्यकारी मंडळाने त्याच दुपारी आम्ही दिलेल्या मसुद्यात बदल केला होता. त्यांनी वाचलं, “हॉल या उन्हाळ्यात, सोबतच्या नकाशाप्रमाणे, पाडावा. टोकाच्या भिंतीचा विचार पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात, मुलांची संख्या पाहून करावा.”

हिलेवीने माझं मनगट धरलं. नखं रुतली.

“कुणाला काही म्हणायचंय?”

आउवोने समोरच्या कागदाकडे बघितलं. मग शेजारच्याकडे बघितलं. शेजारच्याने पाण्याच्या पेल्याकडे. सत्तावीस शहाणी माणसं, त्यातली निम्मी त्या हॉलमध्ये आपल्याच लग्नात नाचलेली, मूग गिळून बसली. तार्मो भिंतीला टेकून उभा होता, त्याची मान खाली. बोल, मी मनात म्हणत होते, बोल रे, एवढं ‘थांबा’ म्हण. आउवोचे ओठ हलल्यासारखे वाटले. तो कुणीतरी आधी बोलेल म्हणून थांबला होता. सगळेच थांबले होते.

हातोडी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तार्मोच्या दारात उभ्या.

“भिंतीशिवाय पाडू नका,” हिलेवी म्हणाली. “हात जोडते.”

“ठराव झालाय. उन्हाळ्यात हॉल पडला नाही तर मंडळ सगळीच शाळा डब्यांवर नेईल. मला बजावून सांगितलंय तसं.”

“मग भिंत आम्ही बांधतो. गाव बांधेल, फुकट.”

तार्मोने डोळे चोळले. “पाडायची मंजुरी आहे, हिलेवी. बांधायची नाही. बिनमंजुरीची भिंत उभी केली तर तेच निमित्त करून शाळेला सील ठोकतील.”

“म्हणजे मोडायला तुमची मंजुरी लगेच मिळते, आणि शिवायला मिळत नाही,” मी म्हटलं. त्याच्याकडे त्या दिवशी पावही नव्हते.

जूनमध्ये गावाने तालकूत घातला. तालकूत म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट राबायचं आणि दुपारी वाटाण्याचं सूप प्यायचं. पन्नास-साठ माणसं आली, हातोडे-पहारी घेऊन. त्यांना वाटत होतं आपण शाळा वाचवतोय. बायका गाणी म्हणत होत्या. आमच्या नकाशाबरहुकूम एकेक कमान खाली आली, एकही लाकूड फुटलं नाही, कुणाला साधं खरचटलंही नाही. इतकं नेटकं काम मी जन्मात पाहिलं नाही. हिलेवी हेल्मेट घालून मधे उभी, शांतपणे सांगत होती, आता ही, आता ती. शेवटची कमान टेकली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती शाळेच्या मागे गेली. मी जरा वेळाने गेले, तर ती बर्चच्या झाडाला धरून ओकत होती.

वर्गांच्या उघड्या टोकावर आम्ही ताडपत्री ठोकली. तिहेरी, वर फळ्या मारून. पण शेवटी ताडपत्री ती ताडपत्रीच. सप्टेंबरात वादळ आलं, एका रात्रीत कोपरा फाटला, आणि आम्ही पोचेपर्यंत शेवटच्या वर्गाची जमीन पाणी प्यायली होती. मग दुसऱ्या वर्गाची. ऑक्टोबरच्या सभेत नवा अहवाल आला. आता बुरशी वर्गांतही होती. शाळा बंद, डबे मंजूर, भाड्याने, दोन वर्षांसाठी. या वेळी मात्र आउवो उभा राहिला. लाल होऊन दहा मिनिटं बोलला. भिंत हवी होती, म्हणाला, भिंत आधीच हवी होती, माझ्या बहिणीने सांगितलं होतं. चांगलं बोलला. वरातीमागून घोडं. अध्यक्षबाईंनी त्याचे आभार मानले आणि हातोडी मारली.

बाहेर पार्किंगमध्ये हिलेवीने त्याला गाठलं. पाऊस चालू होता.

“एप्रिलमध्ये का नाही बोललास?”

“मला वाटलं...” तो टोपी हातात चुरगाळत म्हणाला. “मला वाटलं बदल तुला माहीत असेल. तुझ्याशी बोलूनच केला असेल. तू मागे बसली होतीस. मी वळून बघितलं, तू गप्प होतीस.”

“मला बोलायची परवानगी नव्हती, आउवो!”

“हो,” तो म्हणाला. “पण तू उठून गेली असतीस तरी मला कळलं असतं.”

तिने त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. साठीची बाई, सत्तरीचा भाऊ. तो हलला नाही. मग तो रडायला लागला. आउवोला रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची मला इच्छा नाही. तिने त्याला माफ केलं का, मला ठाऊक नाही. शनिवारच्या सौनाला ती तेव्हापासून जात नाही.

डबे आले. पांढरे, एकावर एक. पोरं त्यांच्यात गेली, पोरांना काय, कुठेही जातात. दोन कुटुंबांनी नाताळनंतर घर विकायला काढतोय असं सांगितलं. आमच्या ऑफिसात काम नव्हतं. जागा सोडायची का यावर मी आणि हिलेवी रोज बोलायचं ठरवत होतो आणि रोज टाळत होतो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला फोन वाजला. हिलेवीने स्पीकरवर घेतला. दुसऱ्या पालिकेतली, आमच्यापासून बरीच उत्तरेकडची, एक तरतरीत मुलगी बोलत होती.

“सार्किवाराचा हॉल तुम्हीच उतरवला ना? काय सुरेख काम केलंत! एक लाकूड वाया गेलं नाही म्हणे. आमच्याकडे तीन शाळा आहेत. पुढे आजूबाजूच्या पालिकांचीही कामं निघतील. खरं सांगू, पाडायचा नकाशा काढणारं कुणी मिळतच नाही. सगळे बांधणारेच.”

मी खुर्चीत सरळ झाले. तीन शाळा! म्हणजे वर्षभराचं काम. दोन वर्षांचं सुद्धा. ज्याला काळाबरोबर बदलणं म्हणतात ते आमच्या दारात चालत आलं होतं. मी हिलेवीला खुणेने सांगत होते, हो म्हण, हो म्हण.

“तिन्ही शाळा रिकाम्या आहेत?” हिलेवीने विचारलं.

“दोन रिकाम्या आहेत. तिसरीचा अर्धा भाग तेवढा पाडायचाय.”

“उरलेल्या अर्ध्यात मुलं बसतात?”

“हो, आहेत थोडी.”

“त्या दोन शाळांचा नकाशा मी काढते,” हिलेवी म्हणाली. “तिसरीत आधी भिंत बांधायची. भिंत उभी राहिली, तिच्या आत एक हिवाळा गेला, की मग पलीकडचं मी पाडते. त्याआधी खिळासुद्धा काढणार नाही. आणि हे तुमच्या ठरावात लिहून पाहिजे. एकाच ठरावात.”

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. “तिन्ही कामं एकाच कंत्राटात आहेत हो. वेगळी नाही करता येणार. आणि भिंतीची तरतूद... ती बहुधा पुढच्या वर्षी...”

“मग तिन्ही नकोत,” हिलेवी म्हणाली.

“विचारून सांगते,” मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला.

मी जे तोंडात येईल ते बोलले. मूर्ख, हट्टी, हातातला घास टाकणारी, आपण उद्या काय खायचं, तुझ्या तत्त्वांचं सूप करू का, सगळं. ती ऐकून घेत होती. मी दमल्यावर तिने मला विचारलं, “तुझं झालं? मग त्या शाळेचं वाऱ्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे, ते काढ.”

“कुठल्या शाळेचं?”

“तिसरीच्या.”

आज तीन आठवडे झाले. फोन आलेला नाही, येईल असं मला वाटत नाही. हिलेवी रोज सकाळी येते, शेगडी पेटवते, आणि कधी न पाहिलेल्या त्या शाळेची भिंत काढत बसते. तिथल्या मुख्याध्यापिकेला फोन करून तिने मुलं किती ते विचारून घेतलं. एकोणीस आहेत. बूट आणि ओले कपडे ठेवायला भिंतीच्या आतल्या बाजूला तिने नकाशात एकोणीस खुंट्या मारल्यात, आणि काल दुपारी, मला न विचारता, विसावी काढली.